माती आणि जळके लाकूड : बाल्टिक टेकडीकिल्ल्यांचा शोध

लिथुआनिया आणि लाटव्हिया या दोन देशांच्या नदीकाठांवर ठरावीक घडणीच्या टेकड्या पुन्हा पुन्हा आढळतात. नदी आणि तिला मिळणारा ओढा यांच्या बेचक्यात पुढे आलेले जमिनीचे टोक, दोन-तीन बाजूंना उभा उतार आणि मुद्दाम सपाट केलेला माथा. जिथे हे टोक मागच्या पठाराला जोडलेले असते, तिथे आडवा घातलेला मातीचा जाड बांध आणि त्याच्या पुढ्यात खंदक. सगळ्यावर आता गवत किंवा जंगल वाढले आहे. चिरेबंदी भिंत, कमान, बुरूज यांतले काहीही दिसत नाही. हे बाल्टिक लोकांचे टेकडीकिल्ले. लिथुआनियन भाषेत त्यांना पिल्याकाल्निस म्हणतात, लाटव्हियन भाषेत पिल्सकाल्न्स. एकट्या लिथुआनियात असे ९०० हून अधिक किल्ले नोंदले गेले आहेत. ख्रिस्तपूर्व पहिल्या सहस्रकाच्या आरंभापासून इसवी सनाच्या पंधराव्या शतकाच्या आरंभापर्यंत ते या ना त्या स्वरूपात वापरात होते.

हे किल्ले बांधणारे लोक बाल्टिक भाषा बोलणारे होते. त्या भाषाकुळातल्या लिथुआनियन आणि लाटव्हियन या दोनच भाषा आज जिवंत आहेत. जुनी प्रशियन अठराव्या शतकाच्या आरंभी लोप पावली, आणि यात्विंगियन, कुरोनियन, सेलोनियन अशा जमातींच्या बोली त्याआधीच शेजारच्या भाषांत मिसळून गेल्या. म्हणून बाल्टिक टेकडीकिल्ल्यांचा प्रदेश आजच्या दोन देशांपुरता नाही. पोलंडचा ईशान्य कोपरा, रशियाचा कालिनिनग्राद प्रांत आणि बेलारूसचा काही भागही त्यात येतो.

किल्ले दगडाचे का नाहीत, याचे उत्तर भूगर्भात आहे. हिमयुगाच्या शेवटी मागे सरकणाऱ्या हिमस्तरांनी या सखल प्रदेशावर वाळू, चिकणमाती, खडी आणि गोल गोटे यांचे जाड थर पसरले. फोडून चिरे काढावेत असा कातळ बहुतेक ठिकाणी जमिनीच्या वर येतच नाही. जंगल मात्र भरपूर होते. पाइन, स्प्रूस आणि ओक यांची लाकडे व पायाखालची चिकणमाती एवढ्या सामग्रीवर येथील सगळी दुर्गरचना उभी राहिली. सुरुवातीला माथ्याच्या कडेने खांब रोवून केलेला साधा मेढेकोट असे. पुढे ओंडक्यांच्या चौकटी रचून त्यांत माती आणि गोटे ठासलेले बांध आले. शेवटच्या काळात अशा बांधांवर छप्पर असलेल्या लाकडी तटभिंती आणि मनोरे उभारले जात. टेकडीचे उतारही नैसर्गिक राहू दिले जात नसत. ते तासून उभे केले जात.

या सामग्रीमुळे पुरातत्त्वज्ञाच्या हाती येणारा पुरावाही वेगळ्या प्रकारचा असतो. न जळलेले लाकूड कोरड्या टेकडीवर काही दशकांत कुजून जाते, आणि त्याची खूण म्हणून खांबाच्या खड्ड्यातली काळपट माती तेवढी उरते. जळालेल्या लाकडाचा कोळसा मात्र हजारो वर्षे टिकतो. आगीत भाजून लाल झालेल्या चिकणमातीवर ओंडक्यांचे आणि फांद्यांचे ठसे जसेच्या तसे राहतात. बाल्टिक किल्ल्यांची सगळ्यात तपशीलवार माहिती त्यांच्या विनाशाच्या क्षणांची आहे, याचे कारण हे.

काळाच्या ओघात किल्ल्याचा अर्थही बदलत गेला. सगळ्यात जुने किल्ले ब्राँझयुगाच्या अखेरचे. तेव्हा माथ्यावर संपूर्ण वस्तीच राहत असे. काही कुटुंबे, त्यांची खांबांवर उभी असलेली लांबट घरे, चुली, गुरे आणि भोवती कुंपण. पूर्व लिथुआनियात उतेना शहराजवळचा नार्कूनाय किल्ला हे याचे चांगले उदाहरण. १९७० च्या दशकात रेगिना वोल्काइते-कुलिकाउस्किएने या संशोधिकेने तिथे उत्खनन केले. पृष्ठभागावर गवताच्या जुडीने ओरखडे काढलेली खापरे, हाडांची टोकदार हत्यारे आणि दगडी कुऱ्हाडी यांच्याबरोबर ब्राँझ ओतण्याचे मातीचे साचेही तिथे मिळाले. या साच्यांचे महत्त्व मोठे आहे. या प्रदेशात तांबे नाही आणि कथीलही नाही. म्हणजे धातूचा प्रत्येक तोळा दूरवरून आलेला, आणि तो वितळवून ओतण्याचे काम टेकडीवरच्या कुंपणाच्या आत होत असे. ही कुंपणे कोणाला बाहेर ठेवण्यासाठी होती हा प्रश्न पूर्ण सुटलेला नसला, तरी आत राखण्याजोगे काय होते याचे निदान एक उत्तर या साच्यांनी दिले आहे. दलदलीतल्या खनिजापासून लोखंड गाळण्याची विद्या आल्यावर हे परावलंबन कमी झाले. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत लोक हळूहळू टेकडीच्या पायथ्याशी राहायला आले आणि माथा संकटकाळचा आसरा झाला. पहिल्या सहस्रकाच्या उत्तरार्धात बांध पुन्हा उंच होऊ लागले, आणि तेराव्या शतकापर्यंत माथ्यावर सरदाराचा किंवा राजाचा वाडा, शिबंदी व पायथ्याला कारागिरांची पेठ अशी रचना तयार झाली.

तेरावे आणि चौदावे शतक हा टेकडीकिल्ल्यांचा शेवटचा आणि सर्वांत हिंसक काळ. १२०२ मध्ये रीगा येथे स्थापन झालेली खड्गधारी बंधूंची संघटना आणि १२३० च्या सुमारास प्रशियात उतरलेली ट्यूटॉनिक ऑर्डर या जर्मन धर्मयोद्ध्यांच्या दोन संघटनांनी बाल्टिक जमातींविरुद्ध युद्ध आरंभले. १२३७ मध्ये खड्गधारी बंधूंचे अवशेष ट्यूटॉनिक ऑर्डरमध्ये विलीन झाले. प्रशियन आणि लाटव्हियन जमाती जिंकल्या गेल्या. लिथुआनियन मात्र राज्य उभारून दीड शतकाहून अधिक काळ टिकून राहिले. १३८७ मध्ये लिथुआनियाने कॅथलिक धर्म स्वीकारला, १४१० मध्ये ग्रुन्वाल्डच्या लढाईत ऑर्डरचा पराभव झाला, आणि १४२२ च्या मेल्नो तहाने सीमा ठरली. त्यानंतर लाकडी किल्ल्यांची गरज उरली नाही. काही जागी विटा-दगडांचे किल्ले आले. बाकीच्या शेकडो टेकड्या ओस पडल्या.

या इतिहासाची लिखित साधने जवळजवळ सगळी बाहेरच्यांची आहेत. बाल्टिक लोकांनी ख्रिस्तीकरणापूर्वी आपला इतिहास लिहून ठेवला नाही. त्यांच्याविषयी लिहिले ते मिशनऱ्यांनी, ऑर्डरच्या बखरकारांनी आणि शेजारच्या रुस राज्यांतल्या मठवाल्यांनी. किल्ला त्यांच्या लेखनात येतो तो वेढला जाताना, जळताना किंवा शरण येताना. तिथे धान्य कोण साठवत होते, मुले कशाने खेळत, मृतांना कसा निरोप दिला जाई, घर कोणत्या बाजूला तोंड करून बांधत, यांतले काहीही हल्लेखोराच्या नजरेस पडण्याचे कारण नव्हते. म्हणून बाल्टिक टेकडीकिल्ल्याचे उत्खनन म्हणजे बखरीला जोडलेली पुरवणी मानणे चूक ठरेल. किल्ल्यात राहणाऱ्यांची बाजू कळण्याचा तो जवळजवळ एकमेव मार्ग आहे.

शास्त्रीय शोधाआधी या टेकड्यांचे स्पष्टीकरण लोककथांनी केले होते. सैनिकांनी आपापल्या टोप्यांत माती भरून आणली आणि टेकडी रचली, ही कथा अनेक गावांत सांगितली जाते. सतराव्या-अठराव्या शतकांतील स्वीडिश स्वाऱ्यांची आठवण ताजी असल्याने कितीतरी किल्ल्यांना ‘स्वीडिश टेकडी’ हे नाव पडले. टेकडीच्या पोटात गडप झालेले देऊळ, पुरलेला खजिना, आत अडकलेली राजकन्या अशा कथाही सर्वत्र आहेत. खजिन्याच्या कथांनी प्रत्यक्ष नुकसान केले. अनेक माथ्यांवर आजही जुन्या खोदाईचे खड्डे दिसतात, आणि त्या खड्ड्यांनी थरांचा क्रम कायमचा बिघडवला आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर एउस्ताखी आणि कोन्स्तांती तिश्केविच या उमराव बंधूंनी लिथुआनियात पुरातत्त्वाचा पाया घातला. एउस्ताखी यांच्या पुढाकाराने १८५५ मध्ये विल्नियस येथे पुरावस्तू संग्रहालय सुरू झाले. कोन्स्तांती यांनी १८५७ मध्ये नेरिस नदीच्या प्रवाहाबरोबर प्रवास करून तिच्या काठांचे सर्वेक्षण केले. त्यावरचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १८७१ मध्ये प्रसिद्ध झाला. पण लिथुआनिया तेव्हा रशियन साम्राज्याचा भाग होता. १८६३ चा उठाव चिरडल्यानंतर संग्रहालयाची स्वायत्तता गेली आणि संग्रहातल्या बऱ्याच वस्तू मॉस्कोला हलवण्यात आल्या. वस्तू कोठून मिळाली, कोणत्या थरातून निघाली, याची माहिती मुळातच तुटपुंजी होती. या स्थलांतरात तीही विस्कळीत झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी पोलिश समाजशास्त्रज्ञ लुडविक क्षिविट्स्की यांनी पश्चिम लिथुआनियातल्या झेमाइतिया प्रांतातील किल्ल्यांवर अनेक उन्हाळे खोदकाम केले. वस्तू गोळा करण्यापेक्षा किल्ला कसा बांधला गेला हे समजून घेण्याकडे त्यांचे लक्ष होते, आणि यामुळे ते आपल्या काळाच्या पुढे होते.

१९१८ मध्ये दोन्ही देश स्वतंत्र झाले आणि किल्ल्यांकडे राष्ट्राचा वारसा म्हणून पाहिले जाऊ लागले. लाटव्हियात अर्नेस्ट्स ब्रास्तिन्श यांनी १९२० च्या दशकात देशभर फिरून किल्ल्यांची मोजमापे घेतली, नकाशे काढले आणि ते चार खंडांत प्रसिद्ध केले. लिथुआनियात पेत्रास तारासेन्का यांनी १९२८ मध्ये देशातील पुरातत्त्वीय स्थळांची सूची छापली. त्याच वर्षी आपुओले किल्ल्यावर उत्खनन सुरू झाले.

आपुओले हा वायव्य लिथुआनियातला किल्ला लुओबा नदी आणि ब्रुकिस ओढा यांच्या संगमावर आहे. त्याची कीर्ती एका लॅटिन चरित्रग्रंथामुळे झाली. हाम्बुर्ग-ब्रेमेनचा आर्चबिशप रिम्बर्ट याने नवव्या शतकात आपला पूर्वसूरी आन्स्गार याचे चरित्र लिहिले. त्यात सुमारे ८५३ सालची एक मोहीम वर्णिली आहे. स्वीडिश राजा ओलोफ याने आधी कुरोनियन लोकांचे झेबुर्ग हे समुद्राजवळचे ठाणे जाळले. हे ठाणे म्हणजे लाटव्हियातले आजचे ग्रोबिन्या असे मानले जाते. मग गलबते मागे ठेवून, पाच दिवसांची मजल मारून, त्याने आपुलिया नावाच्या किल्ल्याला वेढा घातला. आत १५,००० लढवय्ये होते असे रिम्बर्ट म्हणतो. आठ दिवस लढूनही किल्ला पडला नाही. थकलेल्या स्वीडिशांनी कोणता देव साहाय्य करील हे पाहण्यासाठी कौल लावला. मग काही व्यापाऱ्यांना आन्स्गारच्या उपदेशाची आठवण झाली आणि ख्रिस्ताच्या नावाने पुन्हा कौल लावण्यात आला. दुसऱ्या दिवशी आतल्या लोकांनी तहाची बोलणी सुरू केली. माणशी अर्धा पौंड चांदी, कायमची खंडणी आणि ३० ओलीस देऊन त्यांनी किल्ला वाचवला. लिथुआनियाच्या भूमीवरचे एखादे ठिकाण नावानिशी लिखित इतिहासात आले ते इथे पहिल्यांदा.

रिम्बर्टला वेढ्याचा इतिहास लिहायचा नव्हता. ख्रिस्ताचे सामर्थ्य सिद्ध करणे हा त्याचा हेतू होता. त्यामुळे या मजकुरावर किती विसंबायचे हा प्रश्न उभा राहिला, आणि त्याचे उत्तर शोधायला फावडे लागले. १९२८ ते १९३२ या काळात भाषाशास्त्रज्ञ आणि पुरातत्त्वज्ञ एदुआर्दस वोल्तेरिस व लष्करी डॉक्टर व्लादस नागेविचुस यांनी आपुओलेचा माथा आणि बांध उकरला. ग्रोबिन्या येथे आधी काम केलेले स्वीडिश पुरातत्त्वज्ञ बिर्गर नेर्मन १९३१ मध्ये त्यांना येऊन मिळाले. बांधाच्या छेदात एकावर एक जळालेले लाकडी बांधकामाचे टप्पे दिसले. म्हणजे आग, दुरुस्ती, आणखी माती आणि पुन्हा आग असा क्रम अनेकदा घडला होता. बांधात स्कँडिनेव्हियन बनावटीची बाणांची लोखंडी टोके मोठ्या संख्येने रुतलेली मिळाली. नेर्मन यांनी त्यांचा संबंध थेट ओलोफच्या वेढ्याशी जोडला.

हा निष्कर्ष आकर्षक आहे आणि बऱ्याच अंशी पटण्याजोगाही आहे, पण तो काय सिद्ध करतो आणि काय करत नाही हे वेगळे ठेवले पाहिजे. बाणांची टोके उत्तरेकडून आलेल्या लोकांशी लढाई झाल्याचे सांगतात. ती लढाई नेमक्या त्याच वर्षीची, असे टोकावर लिहिलेले नसते. बाणाच्या टोकाचा एखादा आकार कित्येक दशके प्रचारात राहतो, आणि कुरोनियन व स्वीडिश यांच्यात चकमकी एकदाच झाल्या नव्हत्या. १५,००० हा आकडा मात्र माथ्याच्या मोजमापापुढे टिकत नाही. एवढी माणसे तिथे राहून लढू शकणार नाहीत. मजकुरातली घटना खरी, तिचा आकडा अवास्तव आणि तिचा अर्थ लेखकाच्या श्रद्धेतून आलेला, असे तीन पदर आपुओलेत वेगळे करता आले. लिखित शब्द आणि जमीन यांची अशी समोरासमोर तपासणी बाल्टिक प्रदेशात फार थोड्या ठिकाणी शक्य झाली आहे, म्हणून हे उत्खनन आजही अभ्यासले जाते. त्या काळच्या पद्धतींचे दोष त्यात आहेत. खोदाई वेगाने झाली आणि आज जितक्या बारकाईने नोंदी घेतल्या जातात तितक्या घेतल्या गेल्या नाहीत. तरीही बांध आडवा कापून त्याची चरित्रगाथा वाचायची, हा धडा तिथून सर्वमान्य झाला.

दुसऱ्या महायुद्धानंतर, सोव्हिएत राजवटीत, उत्खननांची संख्या वाढली. त्यामागचे एक कारण दुःखद होते. लाटव्हियातील दाउगावा नदीवर जलविद्युत प्रकल्पांसाठी धरणे बांधली गेली आणि काठावरची असंख्य प्राचीन स्थळे पाण्याखाली जाणार हे निश्चित झाले. रीगाजवळच्या दोले बेटावरील किवुतकाल्न्स किल्ला यानिस ग्राउदोनिस यांनी १९६६-६७ मध्ये जवळजवळ पूर्ण खोदला. एरवी कोणताही विचारी पुरातत्त्वज्ञ संपूर्ण किल्ला खोदून संपवत नाही. इथे दुसरा पर्याय नव्हता. त्यामुळे ब्राँझयुगाच्या अखेरची एक तटबंद वस्ती सलग पाहता आली, आणि तिच्या थरांखाली अडीचशेच्या आसपास दफनांची स्मशानभूमीही सापडली. पुढील दशकात ती जागा जलाशयात गेली. किवुतकाल्न्सविषयी पुढे जे काही नवे कळले ते जागेवरून कळलेले नाही. संग्रहालयात जपलेली हाडे आणि कोळसा यांच्या फेरतपासणीतून ते हाती आले.

या फेरतपासणीत कालमापनाची एक अवघड अडचण समोर येते. सजीवाच्या अवशेषांतील कार्बन-१४ मोजून वय काढण्याची पद्धत सर्वत्र वापरली जाते, पण मोजलेले प्रमाण प्रत्यक्ष वर्षांत बदलण्यासाठी वृक्षवलयांवरून तयार केलेला वक्र लागतो. ख्रिस्तपूर्व ८०० ते ४०० या चार शतकांत हा वक्र जवळजवळ सपाट आहे. त्या काळातला कोणताही नमुना घ्या, उत्तर चारशे वर्षांच्या पट्ट्यात कुठेही पडू शकते. सगळ्यात जुन्या बाल्टिक किल्ल्यांपैकी बरेच नेमके याच चार शतकांतले आहेत. त्यात मासे खाणाऱ्या माणसांच्या हाडांत जुना कार्बन साठून ती प्रत्यक्षाहून जुनी भासतात. म्हणून एका नमुन्यावर भरवसा न ठेवता अनेक नमुने, त्यांचा थरांतील क्रम आणि संख्याशास्त्र यांची सांगड घालावी लागते. किवुतकाल्न्सच्या बाबतीत अशा मापनांनी स्मशानभूमी आणि वस्ती यांच्यातले अंतर पूर्वी मानले होते त्याहून कमी ठरवले. मध्ययुगीन किल्ल्यांवर, जिथे ओलसर मातीत ओंडके टिकले आहेत, तिथे वृक्षवलये थेट मोजून झाड कोणत्या वर्षी तोडले गेले हे सांगता येते. जुन्या किल्ल्यांना ही सोय नाही.

मातीही आता पूर्वीपेक्षा अधिक बोलते. चुलीजवळची माती पाण्यात कालवून चाळणीतून काढली की जळके दाणे वर येतात. त्यांतून कळले की पहिल्या किल्ल्यांतले लोक सातूबरोबर वरीच्या जातीचे बारीक भरडधान्य पिकवत. थोड्या उन्हाळ्यात पिकणारे हे धान्य उत्तरेकडच्या हवामानाला मानवणारे होते. जनावरांच्या हाडांवरून गुरे, डुकरे, मेंढ्या आणि घोडे यांचे प्रमाण कळते, तर आसपासच्या दलदलीतील परागकणांवरून जंगल कधी तोडले गेले आणि शेते कधी पसरली हे दिसते. पन्नास वर्षांपूर्वी उकरून टाकलेल्या मातीच्या ढिगांत ही सगळी माहिती होती, आणि ती गेली. हे नुकसान कोणाच्या निष्काळजीपणाने झालेले नाही. तेव्हा ती माहिती वाचण्याची विद्याच नव्हती. पण आज किती खोदावे हे ठरवताना ते लक्षात ठेवावे लागते.

या सगळ्या धाग्यांचा सगळ्यात भरीव एकत्र अनुभव देणारे ठिकाण म्हणजे केर्नावे. विल्नियसच्या वायव्येला सुमारे ३५ किलोमीटरवर, नेरिस नदीच्या उजव्या काठावर पाच टेकडीकिल्ले एकमेकांच्या शेजारी उभे आहेत. एवढ्या जवळजवळ पाच किल्ल्यांची एकच संरक्षणव्यवस्था बाल्टिक प्रदेशात असाधारण आहे. मधली वेदीची टेकडी, तिच्या बाजूंना मिंदाउगसचे सिंहासन आणि लिज्देइकाची टेकडी, मग किल्ल्याची टेकडी आणि थोडी दूर क्रिवेइकिश्किस. ही नावे बरीच अलीकडची आहेत. राजा, पुरोहित आणि देवळे यांच्याविषयीच्या कल्पनांतून ती जन्मली, आणि उत्खननाने दाखवलेले चित्र त्यांच्याशी जुळतेच असे नाही. वेदीची टेकडी म्हणून ओळखली जाणारी जागा तेराव्या-चौदाव्या शतकांत राजाचे निवासस्थान होती. शेजारच्या दोन टेकड्यांवर तिचे रक्षण करणारी शिबंदी होती, आणि किल्ल्याच्या टेकडीवर तटबंदीच्या आत कारागीर राहत.

केर्नावेचे नाव लिखित साधनांत १२७९ मध्ये येते, तेही स्वारीच्या निमित्ताने. लिव्होनियातल्या ऑर्डरचे सैन्य त्या वर्षी महाराजा त्रायडेनिस याच्या मुलखात केर्नावेपर्यंत येऊन लूट घेऊन परतत असता आइज्क्राउक्ले येथे लिथुआनियनांनी त्याला गाठले. त्या लढाईत ऑर्डरचा लिव्होनियातला प्रमुख मारला गेला. १३६५ मध्ये ऑर्डरने केर्नावे जाळले, आणि १३९० च्या मोहिमेत ते कायमचे नष्ट झाले. लाकडी किल्ले पुन्हा उभारले गेले नाहीत. वाचलेले लोक वरच्या पठारावर राहायला गेले, जिथे आजचे गाव आहे, आणि खालची पायाउता खोऱ्यातली पेठ नदीच्या गाळाखाली झाकली गेली. त्या विनाशानंतर खोऱ्यात कोणी घरे बांधली नाहीत. चौदाव्या शतकातले एक अख्खे लाकडी नगर नंतरच्या बांधकामाने विस्कटले न जाता गाळाखाली राहिले. युरोपातली मध्ययुगीन नगरे बहुधा आजच्या शहरांच्या पोटात आहेत, तळघरांनी आणि गटारांनी पोखरलेली. केर्नावेचे मोल इथे आहे.

विल्नियस विद्यापीठाने १९७९ मध्ये येथे सलग उत्खननास आरंभ केला आणि अलेक्सेयुस लुख्तानस यांनी ते दीर्घकाळ चालवले. खोऱ्यातल्या ओलसर थरांत ओंडक्यांच्या घरांचे खालचे भाग, कुंपणे आणि लाकूड अंथरून केलेले रस्ते मिळाले. सोनार, लोहार, हाडांवर नक्षी करणारे कारागीर यांची घरे आणि आवारे वेगवेगळी ओळखता आली. पेठेच्याही खाली आणखी जुने थर निघाले. ते पुराश्मयुगाच्या अखेरपर्यंत जातात. म्हणजे नदीकाठच्या या एका पट्ट्यात सुमारे दहा हजार वर्षांचा मानवी वावर एकावर एक रचलेला आहे, आणि राजाच्या वास्तव्याचा काळ त्यातला एक पातळ थर आहे.

क्रिवेइकिश्किस येथील दफनभूमीने, जिचा अभ्यास गिंताउतास वेल्यूस यांनी केला, बखरींना पूर्णपणे अज्ञात असलेली गोष्ट पुढे आणली. तेराव्या-चौदाव्या शतकांतल्या लिथुआनियन राजांचे मृत्यूनंतर दहन केले जाई. महाराजा अल्गिर्दासला १३७७ मध्ये आणि केस्तुतिसला १३८२ मध्ये अग्नी दिला गेल्याचे ऑर्डरच्या बखरकारांनी लिहून ठेवले आहे. पण त्याच काळात, त्याच राज्याच्या प्रमुख नगरात, सामान्य नगरवासी आपल्या मृतांना पुरत होते. स्त्रियांच्या डोक्यांवर धातूच्या पट्ट्यांच्या भाळपट्ट्या आणि अंगावर दागिने आहेत. यामागे पूर्वेकडच्या रुस प्रदेशातील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती चालीरीतींचा प्रभाव असावा, असे अभ्यासक मानतात. अधिकृत धर्म बदलण्याच्या कित्येक दशके आधी नगरातल्या लोकांच्या रीती बदलू लागल्या होत्या. धर्मयुद्धाच्या नावाने चालून येणाऱ्यांच्या बखरकारांनी या नगराला सरसकट मूर्तिपूजकांचे म्हटले. जमिनीतली साक्ष त्याहून कितीतरी गुंतागुंतीची आहे.

केर्नावे ही लिथुआनियाची पहिली राजधानी, असे लोकप्रिय लेखनात ठामपणे सांगितले जाते. त्रायडेनिसच्या काळात ते सत्तेचे प्रमुख केंद्र होते, एवढे निश्चित. १२५३ मध्ये राज्याभिषेक झालेल्या मिंदाउगसचे ठाणे कोठे होते हा प्रश्न मात्र वेगळा आहे. रुसच्या बखरीत त्याच्या संदर्भात व्होरुता नावाचा किल्ला येतो आणि त्याची जागा अजून वादात आहे. पूर्व लिथुआनियात अनिक्श्चाय गावाजवळचा शेइमिनिश्केलियाय किल्ला हा एक प्रबळ दावेदार. तेथे गिंताउतास झाबिएला यांनी १९९० पासून वर्षानुवर्षे उत्खनन केले आणि मिंदाउगसच्या काळाशी जुळणारी मोठी तटबंदी उघड केली. नाव कोरलेला दगड या प्रदेशात सापडण्याची शक्यता नाही, त्यामुळे अशा प्रश्नांचा निकाल संभाव्यतेच्या भाषेतच लागतो.

टेकडीकिल्ले जितके शत्रूंनी जाळले तितकेच ते नांगराने, खडीच्या खाणींनी, पावसाने आणि पाहुण्यांच्या पावलांनीही झिजवले. केर्नावेत १९६७ मध्ये सोव्हिएत राजवटीतही जुन्या पद्धतीचा उन्हाळी संक्रांतीचा उत्सव पुन्हा सुरू झाला आणि टेकड्या राष्ट्रीय भावनेचे केंद्र बनल्या. लोक मोठ्या संख्येने येऊ लागले तसे उतार उघडे पडले. १९८९ मध्ये केर्नावे राखीव क्षेत्र झाले. चढण्यासाठी लाकडी पायऱ्या घालण्यात आल्या आणि उतारांची दुरुस्ती हे उत्खननाइतकेच नियमित काम ठरले. २००४ मध्ये युनेस्कोने १९४ हेक्टरांचे हे क्षेत्र जागतिक वारशाच्या यादीत घेतले. यादीत नाव आल्याने टेकडी भक्कम होत नाही, याची आठवण विल्नियसच्या गेदिमिनस टेकडीने करून दिली. झाडे काढल्यानंतर २०१६ पासून तिचे उतार घसरू लागले. दुरुस्तीच्या कामाआधी झालेल्या खोदाईत २०१७ मध्ये १८६३-६४ च्या उठावात मृत्युदंड दिलेल्या बंडखोरांचे अवशेष माथ्यावर सापडले. ज्या उठावानंतर तिश्केविच यांचे संग्रहालय मोडले गेले, त्याच उठावाचे हुतात्मे त्या टेकडीत गुपचूप पुरले होते. २०१९ मध्ये त्यांचा शासकीय इतमामात अंत्यविधी झाला.

नव्या किल्ल्यांचा शोधही थांबलेला नाही. २००५ मध्ये लिथुआनियातील टेकडीकिल्ल्यांचा तीन खंडांचा नकाशासंग्रह प्रसिद्ध झाला तेव्हा यादी बहुतांशी पूर्ण झाली असे वाटण्याजोगे होते. त्यानंतर विमानातून लेसरने केलेल्या भूमापनाने घनदाट जंगलाखालचे बांध आणि खंदक दिसू लागले आणि यादीत दरवर्षी भर पडत गेली. चुंबकीय आणि विद्युत मोजमापांनी आता न खोदताही घरांच्या आणि चुलींच्या जागा ओळखता येतात, आणि लहान व्यासाच्या नळीने काढलेल्या मातीच्या नमुन्यावरून थरांची जाडी व वय कळते. यामुळे उत्खननाचे क्षेत्र लहान झाले आहे. ठरावीक प्रश्न, त्यासाठी एक अरुंद चर, त्यातून निघालेली सगळी माती चाळलेली आणि बाकीचा माथा तसाच राखलेला, असा आजचा प्रघात आहे. केर्नावेच्या पायाउता खोऱ्यातही गाळाखालच्या पेठेचा मोठा भाग अजून मुद्दाम उकरलेला नाही. नोंदवलेल्या शेकडो किल्ल्यांपैकी ज्यांचा बांध एकदा तरी शास्त्रीय पद्धतीने आडवा कापून पाहिला गेला आहे, असे किल्ले थोडे आहेत. पुढील प्रकरणांत ज्या किल्ल्यांची सविस्तर माहिती येते, ते बहुतेक या थोड्यांतले.